परधानाचं नाव नसलेलं पुस्तक

प्राचीन धर्मग्रंथांचा आणि कर्मकांडाचा अभ्यास म्हटलं की पुण्याचं नाव निघतं, वाईचं निघतं, फार तर ऑक्सफर्डचं निघतं. केशोरीत उभं राहून या विषयावर बोलायचं तर आम्हांला सुरुवात दुसरीकडून करावीशी वाटते. आणि त्यासाठी एक पुस्तकही आहे. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने मध्य प्रांतातल्या आदिवासी जमातींविषयी मागे ठेवलेले कागद, रिचर्ड टेंपल यांनी संपादून १८६६ साली प्रसिद्ध केले, ते हे पुस्तक. हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला नाव आहे ते यांचंच. १८६३ च्या सप्टेंबरात, टाकळघाटकडची जुनी शिलावर्तुळं बघण्याच्या प्रवासात, पूर आलेला नाला ओलांडताना ते बुडाले. कागद तसेच राहिले. टेंपल तेव्हा मध्य प्रांताचे चीफ कमिशनर. त्यांनी ते कागद गोळा केले, टिपा जोडल्या, प्रस्तावना लिहिली.

या कागदांत एक लांबलचक गोंडी गाणं आहे, लिंगोचं. एका परधानाच्या तोंडून ते उतरवून घेतलेलं. रोमन लिपीत गोंडी, सोबत इंग्रजी अर्थ. गोंडांच्या पवित्र कथनाचा एवढा सलग मजकूर कागदावर आला तो त्या वेळी. मुखपृष्ठावर हिस्लॉप यांचं नाव आहे, टेंपल यांचं आहे. ज्याने गायलं त्या परधानाचं नाही.

आजचं आमचं बोलणं म्हणजे या पुस्तकाचं परीक्षण समजा. दीडशेहून जास्त वर्षं उशिरा का होईना.

गाण्याचे पाच भाग पाडलेत. पहिल्यात गोंडांची उत्पत्ती आणि महादेवाने त्यांना गुहेत कोंडणं. चौघे तेवढे बाहेर राहतात आणि कचीकोपा लोहागडला जाऊन वसतात. दुसऱ्यात लिंगोचा जन्म, त्या चौघा भावांशी त्याची गाठ, त्यांना शेत करायला शिकवणं, आगीचा शोध, वाद्य, आणि शेवटी त्याच भावांच्या हातून मरण. तिसऱ्यात लिंगो पुन्हा जिवंत होतो आणि कोंडलेल्या गोंडांच्या सुटकेला निघतो. महादेव अट घालतो, बिंदो पक्ष्याची पिल्लं आणून दे. पिल्लांवर टपलेला नाग लिंगो मारतो. चौथ्यात लिंगो सुटलेल्या गोंडांची कुळं पाडतो आणि पेनांची पूजा लावून देतो. पाचव्यात लग्नाचे विधी.

आता बघा, या कथेवर ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांचं मन दुसऱ्या-तिसऱ्या भागातच रमलेलं दिसतं. साहजिक आहे. तिथे खून आहे, पुनर्जन्म आहे, पक्षी आहे, नाग आहे. चौथा-पाचवा भाग म्हणजे यादी वाटते. अमक्याने अमुक देव घ्यावेत, तमक्याने तमक्यात मुलगी द्यावी, बळी कसा द्यावा, हळद कशी लावावी. साहित्याचा वाचक तिथे पानं उलटतो. आमचं म्हणणं असं की या गाण्याचं सगळं वजन त्या चौथ्या आणि पाचव्या भागावर आहे, आणि आधीचे तीन भाग तिथे पोचण्यासाठी आहेत.

पाच वर्षांनी, १८७१ मध्ये, कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांचं मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं पुस्तक निघालं. त्यात त्यांनी हेच गाणं आटोपशीर करून इंग्रजी पद्यात घातलं. छंद कुठला निवडला? लाँगफेलो या अमेरिकन कवीने १८५५ मध्ये हायावाथा या रेड इंडियन नायकावर काव्य लिहिलं होतं, त्याचा. आणि लाँगफेलोने तो घेतला होता फिनलंडच्या 'कालेवाला'वरून. म्हणजे फिनलंडचा ठेका अमेरिकेमार्गे लिंगोच्या अंगावर आला. हसू येतं, पण यात एक समज दडलेली आहे, ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. 'आदिम' म्हटले गेलेले सगळे लोक एकाच सुरात गातात, ही ती समज. परधानाच्या किंगरीला स्वतःचा ठेका असेल, तो ठेका पूजेच्या कुठल्यातरी हालचालीशी बांधलेला असेल, हा प्रश्न फॉर्सिथना पडलाच नाही. टेंपलना निदान गोंडी शब्द छापण्याचं भान होतं. ते त्यांचं मोठं काम, आणि त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. फॉर्सिथच्या हाती आल्यावर शब्दही गेले, उरली ती गोष्ट.

इथे झाडीपट्टीतल्या माणसाला फार समजावून सांगायला नको. वडशाच्या कंपनीच्या नाटकाचं छापील पुस्तक कुणी दिलं, तर त्यावरून रात्रभरचा प्रयोग कळतो का? कुठे गाणं पुन्हा घेतलं, कुठे विनोदी नटाने गावच्या सरपंचाचं नाव घुसवलं, कुठे पडदा पडला आणि पब्लिकने तो पुन्हा वर घ्यायला लावला, यातलं पुस्तकात काही नसतं. नाटकाच्या बाबतीत हे आपण सहज मान्य करतो. धर्मग्रंथ म्हटला की मात्र आपल्याला वाटतं, पान म्हणजेच ग्रंथ.

ही समज आली कुठून? एकोणिसाव्या शतकात तिला मोठं बळ मिळालं. मॅक्स म्युलर यांच्या संपादनाखाली १८७९ पासून पौर्वात्य धर्मग्रंथांची मालिका निघाली, १९१० पर्यंत ५० खंड झाले. मोठी कामगिरी. त्यात वैदिक, बौद्ध, जैन, पारशी, इस्लामी, चिनी परंपरांचे ग्रंथ आहेत. ज्या धर्माला पोथी नाही त्याला त्या कपाटात जागा नव्हती. हळूहळू 'तुमचा ग्रंथ कोणता?' हा धर्म ओळखण्याचाच प्रश्न होऊन बसला. आज आपल्या जिल्ह्यातल्या गोंड तरुणाला हा प्रश्न विचारला जातो तेव्हा त्याच्या मनावर दडपण येतं, आणि तो ग्रंथ शोधायला निघतो. हा प्रश्न आपल्याला लागू आहे का, हे विचारायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

गंमत अशी की वेदांनासुद्धा तो प्रश्न जसाच्या तसा लागू पडत नाही. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, म्हणून मीमांसेकडे वळतो. (वर्गात मीमांसा म्हणजे प्रमाणांची रुक्ष यादी म्हणून शिकवली जाते. तिच्यात किती चुरस आहे ते कुणी सांगत नाही.) यास्काच्या निरुक्तात कौत्स नावाच्या आचार्याचं मत येतं की मंत्रांना अर्थच नाही. यास्क त्याचं खंडन करतो, पण मत नोंदवतो, दडपत नाही. पुढे जैमिनीने आणि शबरस्वामीने वेदवाक्यांची फोड केली. विधी म्हणजे 'हे करा'. मंत्र म्हणजे करताना म्हणायचं ते. आणि अर्थवाद म्हणजे मधल्या गोष्टी, स्तुती, निंदा. ऐश्वर्य हवं असेल त्याने वायूला पांढरा पशू अर्पण करावा, हा विधी. वायू फार वेगवान आहे, हा त्याचा अर्थवाद. अर्थवादाला स्वतंत्र प्रामाण्य नाही, विधीशी जुळला की त्याला अर्थ येतो. म्हणजे वेदातली कथा वेगळी काढून 'खरी की खोटी' विचारू नका, ती कोणत्या कर्माला जोडलेली आहे ते विचारा.

याचं ठसठशीत उदाहरण ऐतरेय ब्राह्मणात आहे. शुनःशेपाची गोष्ट आपण शाळेत ऐकतो: हरिश्चंद्र, त्याचा मुलगा रोहित, आणि शंभर गाईंसाठी स्वतःचा मुलगा विकणारा अजीगर्त. पण ब्राह्मणग्रंथ सांगतो की ही गोष्ट राजसूय यज्ञात, अभिषेक झालेल्या राजाला ऐकवायची आहे. होता सोन्याच्या आसनावर बसून सांगतो. अध्वर्यू सोन्याच्या आसनावर बसून हुंकार भरतो; ऋचा आली की 'ओम्', गाथा आली की 'तथा'. सांगणाऱ्याला हजार गाई, हुंकार भरणाऱ्याला शंभर, शिवाय ज्याचं त्याला आसन. आता ही गोष्ट कथासंग्रहात छापा. छान वाटेल. पण हुंकार गेला, राजा गेला, गाई गेल्या.

अश्वमेधातही तसंच. घोडा वर्षभर फिरतो आहे तोवर इकडे पारिप्लव आख्यानं चालतात. दहा दिवसांची एक फेरी, वर्षात छत्तीस फेऱ्या. प्रत्येक दिवसाचा राजा वेगळा आणि समोर बसवायचे श्रोते वेगळे. एके दिवशी म्हातारे, एके दिवशी तरुण, एके दिवशी गारुडी. आठव्या दिवशी मासे मारणारे. आपल्याकडच्या ढिवर मंडळींनी हे लक्षात ठेवावं, शतपथ ब्राह्मणात त्यांना बसायला जागा आहे.

आता लिंगोकडे परत येऊ. हिस्लॉप यांच्या पुस्तकात जे हरवलं ते काय होतं, हे कळायला आणखी ऐंशी वर्षं जावी लागली. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन अभ्यासकाने १९४० च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांत राहून काम केलं. १९४८ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला, मिथक आणि कर्मकांड हाच त्याचा विषय. त्यांनी कथा उतरवून घेतल्या त्या पूजेसकट. पेरसापेनचा उत्सव भरतो, कातोडा पूजा करतो, लोखंडी भाल्याचं पातं आणि चवरी ही देवाची खूण बाहेर निघते, आणि परधान किंगरी वाजवत त्या सगाची कथा गातो. कुठल्या सगाचा उत्सव, त्यावर कथेचा कुठला भाग हे ठरतं. कथा पूजेचं कारण सांगते, पूजा कथेला जागेवर आणते. परधानाला यजमान घराण्यांकडून दान मिळतं, ते त्याच्या हक्काचं. शुनःशेपाची गोष्ट सांगणाऱ्या होत्याच्या गाई आठवा.

त्या पुस्तकातली एक गोष्ट आम्हांला पहिल्यांदा वाचली तेव्हापासून सोडत नाही. आदिलाबादचे परधान घरात बोलतात मराठी. आपल्या बायकामुलांशी मराठी, देवापुढे गोंडी. गोंडांचं पवित्र वाङ्मय पिढ्यान्‌पिढ्या जपलं ते मराठी बोलणाऱ्या गायकांनी. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या माणसांची दखल घेतली का? आम्ही तरी पाठ्यक्रमात यांना कधी पाहिलं नाही. गोंडी भाषेचा अभिमान सांगणारेही यांचं मराठी जरा अडचणीचं मानतात. घरची भाषा एक आणि देवाची दुसरी, हे तर पुण्याच्या वैदिकाचंही तसंच आहे. त्याच्याबद्दल कुणाला कोडं पडत नाही, यांच्याबद्दलच का पडावं?

म्हणून हिस्लॉप-टेंपल यांच्या पुस्तकावर आमचा पहिला आक्षेप असा: गाणं छापलं, गाण्याचा प्रसंग छापला नाही. आणि दुसरा आक्षेप टेंपल यांच्यावर कमी, त्यांच्यानंतरच्या वाचकांवर जास्त आहे.

या गाण्यात महादेव आहे, पार्वती आहे, भगवान आहे. इंग्रज वाचकांनी म्हटलं, हा हिंदू थर आहे, वरून चढलेला. खरवडून काढा, खाली अस्सल गोंड कथा मिळेल. शंभर-सव्वाशे वर्षांनी उलट बाजूने वाचन आलं. डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) हे नागपूरचे अभ्यासक, नोकरी रिझर्व्ह बँकेत आणि आयुष्य गोंडी भाषेला दिलेलं. पारी कुपार लिंगो आणि गोंडी पुनेम यांवरचं त्यांचं पुस्तक गोंड समाजात घरोघर गेलं. त्यांनी सांगितलं की महादेव म्हणजे मुळात शंभूशेक, ही गोंडांचीच पदवी, अठ्ठ्याऐंशी शंभूंची परंपरा, पार्वती त्यांतल्या अखेरच्या शंभूची. म्हणजे थर वरून चढलेला नाही, वस्तू आपलीच, लेबल बदललेलं. गुहेचंही तसंच. काहींनी ती पचमढीकडच्या महादेव डोंगरांत शोधली. कंगाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कचीकोपा लोहागड म्हणजे आपल्या सालेकसा तालुक्यातलं कचारगड, असं मांडलं. १९८० च्या दशकापासून तिथे माघ पौर्णिमेला देशभरातून गोंड समाज येतो. केशोरी जिल्ह्याच्या या टोकाला, कचारगड त्या टोकाला. तुमच्यातले कितीतरी जण जाऊन आलेले असतील.

कंगालींविषयी आम्ही आदराने पण स्पष्ट बोलणार. त्यांच्या व्युत्पत्ती इतिहास म्हणून घेतल्या तर टिकणं कठीण आहे. सिंधू लिपी गोंडीतून वाचण्याचा त्यांचा प्रयत्न आम्हांला पटलेला नाही. पण त्याच व्युत्पत्ती निरुक्तासारख्या वाचून बघा. यास्कही एका शब्दाच्या तीन-तीन व्युत्पत्ती देतो आणि त्यांतली कुठली खरी असा निकाल करत बसत नाही. देवाच्या नावात किती अर्थ मावतो ते तो दाखवतो. त्या अर्थाने कंगाली हे गोंडी पुनेमचे नैरुक्त आहेत, आणि हे पद लहान नाही.

तरी खरवडणारे इंग्रज आणि परत मागणारे कंगाली यांची एक धारणा समान आहे. दोघांनाही वाटतं की कुठेतरी एक शुद्ध मूळ लिंगोकथा होती. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तिच्यामागे विष्णु सीताराम सुकथनकर यांच्यासारखा काटेकोर संपादक होता. बाराशेहून जास्त हस्तलिखितं तपासली गेली. पण सुकथनकरांनीसुद्धा व्यासांची मूळ प्रत मिळवून देतो असं म्हटलं नाही. हाती असलेल्या हस्तलिखितांवरून मागे जाता येईल तेवढं मागे जाऊ, एवढाच त्यांचा दावा. हस्तलिखित एकमेकांवरून उतरवतात, त्यात नक्कल असते, म्हणून चूक शोधता येते. परधान नक्कल करत नाही. तो आपल्या सगाच्या पेनपुढे गातो. त्याचं गाणं बिघडलं की नाही हे ठरतं ते पूजा नीट लागली की नाही यावरून. दुसऱ्या गावच्या परधानाच्या गाण्याशी ते जुळतं का, हा त्याचा प्रश्न नव्हे. इथे पाठभेद म्हणजे दोष नाही. सातदेव्यांचं गाणं सहादेव्यांच्या गाण्यासारखं असेल तर उलट शंका यावी.

इथवर आलो की कुणी म्हणेल, मग मीमांसक बरोबर, फ्रिट्स स्टालही बरोबर. स्टाल हे डच तत्त्वज्ञ. १९७५ साली केरळात पांजाळला नंबुद्री ब्राह्मणांनी केलेलं अग्निचयन त्यांनी चित्रित करवलं, आणि १९८९ च्या पुस्तकात निष्कर्ष मांडला की कर्मकांडाला नियम असतात, अर्थ नसतो. कौत्साचा हा विसाव्या शतकातला भाऊ. आम्हांला स्टाल वाचायला आवडतात, पण लिंगोच्या बाबतीत ते अपुरे पडतात, आणि शबरस्वामीही पडतात. कारण चौथ्या भागात लिंगो कुळं पाडतो ती नुसती विधीची स्तुती नव्हे. सातदेव्याने सातदेव्यात लग्न करायचं नाही, हे त्या गाण्यातून येतं, आणि ते आजही तुमच्या गावात सोयरीक बघताना पहिलं विचारलं जातं. गाणं एकदा संपलं तरी त्याचा नियम वर्षभर चालतो. ज्याचा परिणाम कुणाच्या घरी कुणाची मुलगी जाणार यावर होतो त्याला अर्थहीन कसं म्हणायचं?

ग्रंथ आणि विधी यांचं नातं एकाच प्रकारचं नसतं, हे बघायला आपल्याला लांब जावं लागत नाही. गोठणगावजवळची तिबेटी वसाहत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची. त्यांच्या परंपरेत कंग्यूरच्या शंभराहून जास्त पोथ्या अनेक भिक्षू एकाच वेळी, वेगवेगळी पानं घेऊन मोठ्याने वाचतात. ऐकणाऱ्याला एक वाक्य सलग लागत नाही, तरी वाचन पूर्ण होतं. दुसरीकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'. समजून घेण्यासाठी, विचार करण्यासाठी लिहिलेला ग्रंथ, १९५७ मध्ये त्यांच्या निधनानंतर आला. आज विदर्भातल्या विहारांत वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून, संध्याकाळी त्याचं वाचन होतं. समजण्यासाठीचा ग्रंथ वाचनाच्या विधीत आला, आणि समजणंही सुटलं नाही. यावर विद्यापीठात नीट काम व्हायला हवं. अभ्यासक ऋग्वेदाकडे धावतात आणि डोळ्यांदेखत घडणारं सोडून देतात.

गोंडी पुनेममध्येही असंच काही चाललं आहे. छापील पुस्तिकांवरून गोंगो होतो, लग्न लागतं. चार सगांचा तक्ता भिंतीवर लागतो. याला आमचा विरोध नाही, आणि असला तरी आम्हांला विचारतो कोण! अडचण एकच. तक्ता एक असतो, आणि परधान अनेक. तक्त्याशी न जुळणारं गाणं गाणारा म्हातारा मग चुकीचा ठरतो, त्याच्याच नातवाकडून. टेंपल यांनी परधानाचं नाव मुखपृष्ठावर घेतलं नाही. आपण त्याला पुराव्याच्या खुर्चीतूनच उठवतो आहोत.

तेव्हा आज कुणी लिंगोचं गाणं नव्याने संपादायला घेतलं तर काय करावं, एवढं सांगतो. पाठ एकत्र करून एक 'प्रमाण' प्रत काढू नये. प्रत्येक गायन स्वतंत्र छापावं. वर गायकाचं नाव, त्याची परवानगी, त्याचं गाव, कुठल्या सगासाठी, कुठल्या महिन्यात, कुठल्या पूजेत. गाणं कुठे थांबलं आणि तेव्हा कातोड्याने काय केलं, हे ओळींच्या मध्येच लिहावं. तळटीपेत ढकलू नये. हुंकार कुणी भरला तेही लिहावं. घरात कुठली भाषा, देवापुढे कुठली, हेही. महादेव आला तर महादेव छापावा, शंभूशेक आला तर शंभूशेक. आणि १८६६ चं गाणं परधानांना वाचून दाखवावं, विशेषतः चौथा आणि पाचवा भाग. ते हसतील, काही ओळी दुरुस्त करतील, काही ठिकाणी म्हणतील की हे इथे गायचं नसतंच. ते सगळं समासात यावं.

इथे थांबू. प्रश्न घेऊच, पण ज्यांच्या घरी सगापेनची पूजा होते त्यांनी आधी बोलावं. माइक मागे द्या, मागच्या रांगेतले दादा मघापासून मान हलवताहेत.